माळ्यावरचा लोकरीचा स्वेटर द्या, आणि जमलं तर एक संध्याकाळ पण द्या

नमस्कार मंडळी,

दिवाळीची साफसफाई आता सगळ्यांकडे सुरू होईल, माळ्यावरच्या बॅगा खाली येतील, आणि बॅगेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडलेला एखादा स्वेटर निघणारच. मनालीच्या ट्रिपला घेतलेला, नाहीतर सासरेबुवांचा, नाहीतर आईने विणलेला आणि आता घरात कोणालाच न होणारा. मुंबईत त्याचा उपयोग काय ते तुम्हाला पण माहितीय. सांताक्रूझला १९६२च्या जानेवारीत पारा ७.४ वर उतरला होता, तो रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही, पण आपण अठरा डिग्रीला माकडटोपी घालून दूध आणायला जातो ते जातोच. तर तो स्वेटर आमच्या लालबागच्या मंडळाला द्या. त्यातून आम्ही लहान मुलांसाठी मिटन शिवणार आहोत, म्हणजे चार बोटं एका कप्प्यात आणि अंगठा वेगळा अशा टाइपचे हातमोजे.

मुलं कोण तर ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आजूबाजूच्या भागातून कुटुंबंच्या कुटुंबं नगर, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात, म्हणजे थंडीचा सगळा सिझन ती मुलं कोपीत असतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट, प्लास्टिकचा कागद, बस. आई-बाप पहाटे चारला उठून फडात जायला निघतात, तान्हं पोर बरोबर, कारण मागे ठेवणार कोणाकडे, आणि बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वारा लागत लागत हे सगळे फडावर पोचतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पारा कधी कधी दहाच्या खाली जातो, त्यात उसाच्या पाल्यावर दव. आपल्या मंडळातल्या एका ताईंचं माहेर त्या पट्ट्यात आहे, त्यांची भावजय साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत, शिकवते, तिने मुलांची वयासकट यादी पाठवली आहे, दीडशेच्या आसपास नावं आहेत, सहा महिन्यांच्या बाळापासून दहा-अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत. तिनेच सांगितलं की स्वेटर, ब्लँकेट वाटणारे थोडेफार येतात पण हाताला काही कोणी देत नाही, आणि पोरं सकाळी पाटी धरत नाहीत, हात काखेत घालून बसतात.

हातमोज्याने त्यांचे प्रश्न सुटणार नाहीत हे आम्हालाही कळतं, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मजूर नेणारा मुकादम, बुडणारी शाळा हा सगळा वेगळा आणि मोठा विषय आहे. तो विषय मंडळाच्या आवाक्यातला नाही, शिवणकाम आहे.

आता महत्त्वाचं, आणि कृपया हे नीट वाचा कारण सगळं काम यावर अडलंय. आम्हाला फक्त खऱ्या लोकरीचे स्वेटर हवेत. अॅक्रिलिकचे नकोत. बाजारात आज जे स्वस्त स्वेटर मिळतात, शाळेचे युनिफॉर्मवाले धरून, ते बहुतेक अॅक्रिलिकचे असतात, आपल्या आया ज्याला कॅशमिलॉन म्हणायच्या ते. अंगाला मऊ लागतं, धुवायला सोपं, वाईट काही नाही त्यात. पण ही मुलं उठल्या उठल्या काय करतात? शेकोटीला बसतात. हात पुढे करून, अगदी जाळापाशी. अॅक्रिलिकला ठिणगी लागली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं, आणि ते चार वर्षांच्या मुलाच्या हातावर झालं तर काय होईल ते लिहायची गरज नाही. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ठिणगी पडली तर तेवढीच जागा करपते आणि बहुतेक वेळा आपली आपण विझते. दुसरं म्हणजे दव. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिऊन पण हाताला ओली लागत नाही, ऊब सोडत नाही, धनगर पावसात घोंगडी घेऊन मेंढरांमागे उभा राहतो ते उगाच नाही.

मग ओळखायचं कसं. आधी लेबल बघा, गळ्याजवळ नाहीतर बाजूच्या शिवणीत असतं, १००% वूल, लॅम्ब्सवूल, मेरिनो असं काही लिहिलेलं असेल किंवा वूलमार्कचं ते लोकरीच्या गुंड्यासारखं चिन्ह असेल तर डोळे मिटून द्या. ऐंशी टक्के लोकर आणि वीस टक्के नायलॉन वगैरे असेल तरी चालेल. लेबल कापलेलं असेल किंवा हाताने विणलेला असेल तर आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरून किचनच्या सिंकवर काडी लावा. केस जळल्याचा वास आला, धागा कुरकुरत जळून विझला आणि राख बोटात चुरली तर लोकर. भरभर पेटून काळा थेंब गळला आणि गार झाल्यावर टणक मणी राहिला तर अॅक्रिलिक. मुलांच्या हातात हे काम देऊ नका, आणि सिंथेटिक ओढणी अंगावर असताना तर अजिबात नको. जमत नसेल तर तसाच घेऊन या, आम्ही बघू.

अॅक्रिलिकचा निघाला आणि धड असेल तर तो कापू नका, फेकू पण नका, बिल्डिंगच्या नाईट वॉचमनला विचारून बघा, त्याला तो स्वेटर म्हणूनच उपयोगी आहे.

भोकं असली तरी चालतात. मुंबईच्या दमटपणात लोकरीला कसर लागतेच, एखादा स्वेटर उघडला की चाळण झालेली असते, तरी घेऊन या, भोकांच्या मधलं कापड आम्हाला पुरतं. कोपर झिजलेला, चेन तुटलेली, आटून बसलेला, सगळं चालेल. आटलेला तर सगळ्यात उत्तम, खरं सांगतो. वॉशिंग मशीनमध्ये चुकून गरम पाण्यात गेला आणि बोर्डासारखा कडक होऊन छोटा झाला म्हणून ज्या स्वेटरवरून घरात भांडण झालं असेल, तोच आम्हाला पहिल्यांदा द्या, कारण आम्ही इथे मुद्दाम तेच करतो. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि विणीचं घट्ट नमद्यासारखं कापड होतं, पाव ते तिसरा हिस्सा आटतं पण मग कात्री लावली तरी धागा उसवत नाही आणि वारा आरपार जात नाही. चाळीतले एक आजोबा ठाण्याला लोकरी कापडाच्या गिरणीत होते, ते म्हणाले अरे यालाच तर आम्ही मिलिंग म्हणायचो, आणि तेव्हापासून ते रोज मंडळाच्या खोलीत येऊन बसतात, प्रत्येक तुकडा दोन बोटांत चोळून पास-नापास सांगतात. त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. बाकी काही महागडे स्वेटर 'मशीन वॉशेबल' म्हणून येतात, त्यांच्या लोकरीवर आधीच प्रोसेस केलेली असते, ते कितीही उकळा आटत नाहीत, तरी द्या, त्यांच्या कडा पिकोवाल्याकडून इंटरलॉक करून घेऊ.

आईने विणलेला असेल आणि कात्री लावायला जीव होत नसेल तर देऊ नका, आम्ही मागणार पण नाही. पण द्यायचा ठरवलात तर सांगतो, जुने हाताचे विणलेले स्वेटर, जर खऱ्या लोकरीचे असतील तर, आटल्यावर सगळ्यात जाड आणि ऊबदार निघतात, दुकानातले त्यांच्या जवळपास पण येत नाहीत.

देण्याआधी एवढंच करा, डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर दोन दिवस उन्हात टाका, ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे. हे फक्त वासासाठी नाही सांगत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं, जी-सिक्स-पीडी म्हणतात, त्यांना या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने कावीळ होऊ शकते, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आम्ही पण गरम पाण्यात धुणारच आहोत, पण सुरुवात तुमच्या गच्चीवर झाली तर बरं. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याचे स्वतःचे कपडे पण गोळ्यांतून काढून तसेच घालू नका, हे जाता जाता.

आता ज्यांना शिवता येतं त्यांच्यासाठी, कारण स्वेटर जमतील हो, हात कमी पडतायत. काम अवघड नाही. स्वेटरच्या खालची जी रिबची पट्टी असते तीच मनगटावर आणायची, म्हणजे इलॅस्टिक लावायची गरज नाही. हाताचा कागदी साचा आम्ही तीन मापांत कापून ठेवलाय, तो पट्टीला टेकवून ठेवायचा, खडूने आखायचं, पुढचं-मागचं एकदम कापायचं, उलट बाजूने टीप. अंगठ्याच्या बेचक्यात मात्र दोनदा टीप मारा, आणि उलटवायच्या आधी तिथे कात्रीने बारीक चीर द्या, टीप तुटू न देता, नाहीतर तिथे चुण्या पडतात आणि सगळ्यात आधी तिथेच फाटतं. मशीनला सोळा नंबरची सुई, टाका मोठा, प्रेसरचा दाब थोडा कमी करा, जाड कापड ओढून धरू नका, ते आपलं आपण सरकू दे, ओढलं की लाटा येतात. झिगझॅगवाली मशीन असेल तर छानच पण आपली साधी काळी मशीन पण चालते. मशीन नसेल तर हाताने बखिया घाला, दुहेरी दोऱ्याने, मला तर हाताची शिवण जास्त आवडते पण वेळ लागतो.

सगळ्यात सोपे आहेत बाळांचे. त्याला अंगठाच नाही. स्वेटरच्या बाहीचं मनगटाकडचं टोक घ्यायचं, वीतभरापेक्षा थोडं कमी कापायचं, वरचं तोंड गोल करून शिवलं की झालं, वीस मिनिटांचं काम, ज्यांनी आयुष्यात सुई धरली नाही त्यांना पण जमेल. आतून मात्र जुन्या फ्लॅनेलचं किंवा नरम झालेल्या सुती साडीचं अस्तर हवंच, लोकर बाळाच्या अंगाला टोचते. त्यामुळे जुन्या सुती साड्या, धोतरं, फ्लॅनेलची दुपटी असतील तर ती पण हवी आहेत.

दोन्ही हातमोजे दोरीने जोडून गळ्यात अडकवायचे, म्हणजे हरवणार नाहीत, असं बऱ्याच जणींनी सुचवलं. आम्ही नको ठरवलंय. ही मुलं बैलगाडी, ट्रॉलीच्या आसपास खेळतात, दोरी कुठे अडकली म्हणजे? त्याऐवजी एका मोज्याला बटण आणि दुसऱ्याला फास, काढले की एकमेकांत अडकवून खिशात. जुन्या शर्टांची मोठी बटणं त्यासाठी डब्यातून शोधून आणा, चार भोकांची असतील तर अजून छान. बाळांच्या जोड्यांना बटण अजिबात लावायचं नाही, तोंडात जातं.

मोठ्या माणसाच्या एका स्वेटरमधून, बाह्या धरून, तीन-चार जोड्या निघतात. म्हणजे आपल्याला चाळीस-पन्नास चांगले स्वेटर मिळाले की यादी पुरी होते, जास्त आले तर तिथल्याच दुसऱ्या साखरशाळेला देऊ, भावजयबाईंनी आधीच विचारून ठेवलंय.

अजून काय लागेल, तर फ्रंट लोडिंग मशीन असलेलं आणि साठ डिग्रीवर धुवायची परवानगी देणारं घर, जे शोधून सापडत नाहीये. लोकरीचा चोथा फिल्टरमध्ये बसतो म्हणून आम्ही स्वेटर उशीच्या अभ्र्यात बांधूनच टाकू, सोबत एक जुनी जीन्स घासायला, आणि नंतर फिल्टर साफ करून देऊ, शब्द देतो. तोवर खोलीत मोठ्या पातेल्यात उकळणं आणि लाकडी दांड्याने कुटणं चालू आहे, त्यासाठी खांद्यात जोर असलेली तरुण मुलं हवीत, गोविंदा पथकवाल्यांनो तुमचा सिझन संपलाय ना, या की.

पैसे फार नको आहेत. दोरा, सुया आणि पार्सलचा खर्च, एवढंच. शंभर-दोनशे ज्यांना द्यायचे त्यांनी खोलीत येऊन द्या, वहीत नाव लिहून पावती घ्या, हिशोब बोर्डावर लागेल. ऑनलाइन मागतोय असा मेसेज कोणी मंडळाच्या नावाने पाठवला तर देऊ नका, आम्ही कोणताही क्यूआर कोड काढलेला नाही.

स्वेटर लालबागला मंडळाच्या खोलीत संध्याकाळी ७ ते ९ मध्ये आणून द्या, रविवारी सकाळी १० पासून. लांबून येणार असाल तर सेंट्रलवाल्यांना करी रोड किंवा चिंचपोकळी जवळ, वेस्टर्नवाल्यांनी लोअर परळला उतरून चालत या. दादरपर्यंत रोज येणारे असाल तर आपल्या ओळखीच्या कोणाच्या तरी हाती दिलंत तरी पोचेल, फक्त पिशवीवर 'लोकर' असं मोठं लिहा, नाहीतर ती भांडीवालीकडे जाते. स्वेटर घ्यायचं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद करू, कारण डिसेंबर लागायच्या आत पार्सल तिकडे पोचायला पाहिजे.

शिवायला येणार असाल तर आपली कात्री आणा, खोलीत दोनच आहेत आणि त्यातली एक आजोबा सोडत नाहीत. चहा आमच्याकडे. चष्मा विसरू नका, गडद लोकरीवर काळी टीप ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही.