परेडला विरोध नाही, पण आधी वर्कशॉप उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2025 च्या जूनमध्ये आपले शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं की पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचं, त्यात माजी सैनिकांची मदत घ्यायची वगैरे. त्याच्या महिनाभर आधी, 7 मेला, 244 जिल्ह्यांत मॉक ड्रिल ठरलं होतं, भोंगे वाजले होते, त्यामुळे वातावरणही तसंच होतं. तेव्हापासून जी चर्चा ऐकतोय त्यात एक बाजू म्हणते देशभक्ती वाढेल, दुसरी म्हणते मुलांच्या हातात बंदुका देताय, आणि मधला साधा प्रश्न कुणी विचारतच नाही, की युद्धाच्या काळात शाळांचा खरंच काही उपयोग झालाय का, आणि झाला तर नेमका कुठल्या तासाला झाला?

यासाठी दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन हायस्कूल्स बघा. सप्टेंबर 1942 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने 'हायस्कूल व्हिक्टरी कोअर' नावाची विद्यार्थ्यांची संघटना काढली. पहिल्या महायुद्धातला नावाजलेला वैमानिक एडी रिकनबॅकर तिच्या समितीवर प्रमुख. हवाई, भूदल, नौदल, उत्पादन आणि समाजसेवा असे पाच विभाग, छातीवर बिल्ला, मैदानावर कवायत, फोटो तर काय झकास येत असतील! आणि 1944 च्या उन्हाळ्यात, म्हणजे युद्ध चालू असतानाच, ही कोअर गुंडाळली. दोन वर्षंसुद्धा पुरती टिकली नाही.

आता याच शाळांच्या वर्कशॉपमध्ये काय चाललं होतं ते ऐका. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर लगेच, 1942 च्या सुरुवातीला, नौदलाने शाळांकडे विमानांची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागितली. पन्नास प्रकारची विमानं, प्रत्येकी दहा हजार, त्यात अमेरिकेची स्वतःची, मित्रांची आणि शत्रूचीही. कशाला, तर तोफेवरच्या पोरांना आकाशातलं विमान नुसत्या आकारावरून ओळखता यावं म्हणून. चुकून आपलंच पाडलं तर? सगळी मॉडेल्स काळ्या रंगाची, कारण लांबून विमानाची नुसती काळी आकृतीच दिसते. मापही ठरलेलं, एकाला बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तर मॉडेलचा एक इंच. त्यामुळे पस्तीस फुटांवर टांगलेलं मॉडेल अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं (गुणाकार करून बघा, मी वर्गात हेच उदाहरण दिलं असतं). पंखाचा, धडाचा आकार साच्याला लावून बघायचे, जुळला नाही तर मॉडेल नापास. तिथे भाषण चालत नाही, कानस चालते. आणि हे काम करायला शाळेत नवीन काही उभं करावं लागलं नाही, टेबलं होती, पकडी होत्या, सुतारकामाचे मास्तर आधीपासून पगारावर होते. मुलीसुद्धा होत्या या कामात.

गणिताचंही तसंच. अ‍ॅडमिरल निमिट्झ, जे पुढे पॅसिफिकमधल्या आरमाराचे प्रमुख झाले, त्यांनी 1941 मध्येच तक्रार केली होती की नौदलात यायला निघालेल्या तरुणांचं साधं अंकगणित कच्चं आहे. मग शाळाशाळांत विमानशास्त्राचे तास, नकाशावाचन, त्रिकोणमिती सुरू झाली. म्हणजे ज्याचं अख्खं आयुष्य जहाजांवर गेलं त्या माणसाला शाळांकडून काय हवं होतं, तर हिशेब! आपल्याकडे आठवीतल्या कितीतरी पोरांना अजून भागाकार जमत नाही हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पाहणीत छापून येतं, त्यावर मात्र कुणी माजी सैनिक नेमत नाही.

गृहशास्त्राचा विभाग तर आपण कायम थट्टेवारी नेतो. तिकडे साखर, मग डबाबंद भाज्या, मांस सगळं रेशनवर गेल्यावर हायस्कूलच्या मुली कमी साखरेत काय होतं ते शिकत होत्या, भाज्या बाटल्यांत टिकवत होत्या, शाळेच्या आवारात भाजीचे वाफे होते. आणि मे 1942 मध्ये पहिल्या रेशनपुस्तकांची नोंदणी कुणी केली असेल? अर्थातच शाळांमध्ये शिक्षकांनी. मतदार याद्या आणि जनगणना करणाऱ्या आपल्या गुरुजींना हे वाचून जरा बरं वाटेल.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 1944 ची. लाइफ जॅकेटमध्ये सावरीसारखा जो कापूस भरायचे, तो जावाहून यायचा, आणि जावा जपान्यांच्या ताब्यात गेलं. मग आपल्या रुईच्याच कुळातलं एक रानझाड तिथे असतं, त्याच्या बोंडातल्या म्हाताऱ्या उडतात तशा, त्या गोळा करायचं काम मुलांना दिलं. दोन पोती बोंडं म्हणजे एक जॅकेट, एक जीव, असा हिशेब. वनस्पतिशास्त्र असं शिकवलं तर कोण विसरेल सांगा.

पण सगळं गोड नव्हतं हेही लिहायला हवं. कारखान्यांत पगार चांगला मिळायला लागला तसे शिक्षकही गेले आणि मुलंही गेली, हायस्कूलची पटसंख्या दहा लाखांहून जास्त घसरली, शेवटी सरकारलाच 'शाळेत परत या' अशी मोहीम काढावी लागली. आणि फेब्रुवारी 1942 च्या एका आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या जवळपास एक लाख वीस हजार लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत नेऊन ठेवलं, ज्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिकच होते. त्या छावण्यांतही हायस्कूल होती, कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत तर सुरुवातीला बाकंसुद्धा नव्हती, मुलं जमिनीवर बसायची, आणि तारेच्या आत उभं राहून झेंड्याला निष्ठेची शपथ घ्यायची. शाळेत निष्ठा शिकवायची भाषा सुरू झाली की मला आधी ही मुलं आठवतात.

सक्तीच्या कवायतीचा आपलाही अनुभव वेगळा नाही. 1962 च्या चीन युद्धानंतर, 1963 मध्ये एनसीसी कॉलेजच्या मुलांना सक्तीची केली आणि 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. ऐच्छिक एनसीसी आजही उत्तम चाललीय, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचं तिथे भलं झालंय, त्यामुळे मी कवायतीच्या विरोधात आहे असं कृपया छापू नका. पण पहिलीच्या पोराला सावधान-विश्राम शिकवून संकटात काय होणार? त्याला आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, रक्त थांबवायला कुठे दाबायचं हे दाखवा ना, तेवढं पीटीचे शिक्षकही दाखवू शकतात, जर शाळेला पीटीचे शिक्षक असतील तर!

कारण गोम तिथेच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या तिन्हीला अंशकालीन निदेशक हवेत. हे निदेशक आपल्या राज्यात किती वेळा नेमले, किती वेळा घरी बसवले आणि किती वेळा ते आझाद मैदानावर जाऊन बसले, हे तुमच्याच पेपरात येऊन गेलंय. मी शेवटी ज्या शाळेत होते तिथल्या कार्यानुभवाच्या खोलीत जुनी बाकं आणि निवडणुकीचं सामान भरून ठेवलेलं, पकडीला गंज चढलेला, आणि प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे आहे हे शिपाईमामांनाच माहीत.

म्हणून विनंती एवढीच की तुमच्या वार्ताहरांना प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच शाळांत पाठवा आणि तीनच गोष्टी विचारायला सांगा. कार्यानुभवाचे शिक्षक आहेत का, प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास उघडते, आणि आग विझवायचं नळकांडं शेवटचं कधी भरलं. उत्तरं शाळेच्या नावासकट छापा, आणि लष्करी प्रशिक्षणाचं वेळापत्रक येईल तेव्हा ती मंत्र्यांच्या टेबलावर असू द्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा