लांबी न भरलेली गाडी

नॉर्थॅम्प्टन, इंग्लंड
रविवार, दि. १७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही गाडीला आतून कोणता रंग दिला असे विचारले होते, आणि मी "फिकट राखाडी" म्हटल्यावर तुम्ही गप्प झालात. तो गप्पपणा मला शिवाजी उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजपासून ओळखीचा आहे. गिऱ्हाइकाने भलताच रंग पसंत केला की तुम्ही असेच गप्प राहून डब्याचे झाकण उघडायला घेत होता. पुढे आईने फोन घेतला आणि माझा खुलासा राहून गेला, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

प्रथम गाडीविषयी. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची एक हलकी, दोन माणसांची उघडी गाडी काढली. त्या काळी इथे तयार गाडीवर खरेदी कर लागे आणि सुट्या भागांच्या संचावर लागत नसे, त्यामुळे पुष्कळ लोकांनी ती आपापल्या घराच्या मागे शेडमध्ये जुळवली. १९७३ साली तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, पण घरी गाडी बांधण्याची खोड लोकांना लागली ती लागलीच. आमची गाडी त्याच धर्तीची आहे. २५ मिलीमीटरच्या चौकोनी पाइपांचा सांगाडा आम्ही चौघांनी कामावरून सुटल्यावर वेल्डिंग करून उभा केला, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केला आणि इंजिन जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधले, १३०० सीसीचे, बसवले. अशा गाडीला इथे 'लोकॉस्ट' म्हणतात आणि ७५० मोटर क्लब तिच्या शर्यती भरवतो. तिला छत नाही, दारे नाहीत, गालिचा नाही. 'आतली बाजू' म्हणजे उघडे पाइप, पत्रा, गिअरबॉक्स झाकणारा मधला बोगदा, डॅशबोर्ड आणि एक सीट, एवढेच.

आता राखाडी रंगाचे. आपल्या गॅरेजात मी लहानपणापासून जे पाहिले ते झाकण्याचे काम होते, आणि हे मी कमीपणा आणण्यासाठी म्हणत नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर तुम्ही लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरून, ती घासून, वर रंगाचे तीन हात दिलेत की धडक कुठे बसली होती ते खुद्द मालकालाही बोटाने दाखवता येत नसे. मीही इथे तोच संस्कार घेऊन उभी राहिले. सीटमागच्या एका सांध्यावर वेल्डिंगचे मणी ओबडधोबड दिसत होते, तेव्हा मी लांबीचा डबा आणला. आमच्यातले सर्वांत वयस्क गृहस्थ, ज्यांचा सारा जन्म फिटर म्हणून गेला, त्यांनी काही न बोलता तो डबा उचलून स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवून दिला. नंतर त्यांनी समजावले की शर्यतीच्या गाडीचा सांगाडा प्रत्येक फेरीत पिळवटला जातो आणि तडा जातो तो बहुधा सांध्याच्या कडेलाच. फिकट राखाडी रंगाच्या पातळ थरावर तो तडा केसासारखी काळी रेघ होऊन, किंवा तिथून ओघळलेल्या गंजाच्या तांबूस डागाने, लगेच कळतो; तेलाचा किंवा ब्रेक ऑइलचा थेंबही दिसतो. काळ्या रंगात हे सर्व बुडून जाते, आणि पांढरा रंग उन्हात चालकाच्या डोळ्यांवर येतो. पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची भुकटी फवारून ती भट्टीत भाजून घेण्याचा, विचार आम्ही याच कारणाने सोडला, कारण त्याचा जाड थर खालच्या धातूला तडा गेला तरी वरून अखंड राहू शकतो. म्हणजे आप्पा, इथे रंग द्यायचा तो दोष दिसावा म्हणून. हे हाताला पटायला मला दोन आठवडे लागले.

तयारीचे काम मात्र तुम्ही शिकवलेले तसेच्या तसे उपयोगी पडले. पाइपांवरचे तेल थिनरने पुसून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पुन्हा पुसून, मग प्रायमर. अ‍ॅल्युमिनियमचे नखरे वेगळे असतात. घासल्याबरोबर त्यावर ऑक्साइडची पापडी धरू लागते आणि साधा प्रायमर तिच्यासकट सुटून येतो, म्हणून घासल्या दिवशीच एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणाऱ्या प्रायमरचा, हात द्यावा लागला. शिवाय लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम उघडे एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल राहिली, तर अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. त्यामुळे सांगाडा आधी पूर्ण रंगवायचा, तो वाळल्यावर पाइपावर पॉलियुरेथेन सीलंटची वळी ओढायची, आणि मगच पत्रा ठेवून रिव्हेट मारायचे, असा क्रम आम्ही पाळला. पाइपांच्या जाळीवर स्प्रे गन चालवली की बराचसा रंग मधल्या मोकळ्या जागेतून निघून जातो, म्हणून सांधे ब्रशने आणि उरलेले छोट्या गनने केले.

खरी लढाई थंडीशी झाली. आषाढातल्या पावसात रंग पांढरा पडतो म्हणून तुम्ही डबे बंद करून चहा मागवत होता. इथे तसे करायचे म्हटले तर एप्रिलपर्यंत चहाच प्यावा लागेल. भाड्याच्या गॅरेजात सकाळी ६ अंश तापमान होते आणि पत्र्याला हात लावला की चटका बसल्यासारखे वाटे. एकाने रॉकेलचा हीटर आणला, तो मी परत पाठवला. थिनरच्या वाफेत जळती ज्योत ही उघड आत्महत्या आहेच, पण रॉकेल जळताना पाण्याची वाफही निघते आणि ती थंड पत्र्यावर घाम होऊन बसते, हे त्याच्या लक्षात आले नव्हते. शेवटी तेल भरलेला विजेचा हीटर रात्रभर लावून हवेऐवजी सांगाडाच ऊबदार होऊ दिला आणि रंग मारण्यापूर्वी तो बंद करून बाहेर काढला. तरीही डाव्या बाजूच्या दोन पाइपांवर ओघळ आले. तुमच्यासारखा हात फिरता ठेवणे मला अजून जमत नाही.

रंग कोणता वापरला, तेही सांगते, कारण त्यात तुमच्याशी भांडण आहे. हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग अधिक टिकाऊ, हे मला मान्य आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची फवारणी करणाऱ्यांना त्यामुळे दमा जडू शकतो. एकदा तो जडला की पुढे त्या रंगाचा किंचित अंशही सोसत नाही. घातक प्रमाण वास येण्याच्या कितीतरी आधीच गाठले जाते, त्यामुळे "वास येत नाही" या तुमच्या बोलण्यात काही अर्थ नाही. इथे अशी फवारणी करणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क घालावा लागतो, आणि गन थांबल्यावरही न दिसणारा फवारा काही मिनिटे हवेत तरंगत असल्याने मास्क लगेच वर करू देत नाहीत. आमच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून मी साधा सिंथेटिक इनॅमल घेतला, तोही मास्क लावून आणि शटर अर्धे उघडे ठेवून मारला. तुम्ही पीयू मारताना आजही नाकाला रुमाल बांधता, आणि पावसाळ्यापासूनचा खोकला गेलेला नाही, असे आई म्हणते. मास्कचे पैसे मी दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. ते कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीत घालू नयेत, ही विनंती, आणि तपासणीलाही जाऊन यावे.

डॅशबोर्डची फजिती ऐकून तुम्हाला हसू येईल. तो एक भाग मी हट्टाने तुमच्या पद्धतीने केला, म्हणजे काळा, पाण्याने घासून, पॉलिश करून, तोंड दिसेल इतका चकचकीत. पहिल्याच दिवशी गाडी बाहेर ढकलली तर इथले क्षितिजालगतचे तिरपे हिवाळी ऊन त्यावरून थेट डोळ्यांत शिरले. ज्याच्यावर चार संध्याकाळी घालवल्या, त्यावर मॅट काळा रंग मारावा लागला. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंगच्या बोल्टाखालची जागाही मी नीटनेटकी रंगवून ठेवली होती. गेजचे काटे मन मानेल तसे नाचू लागले तेव्हा आम्ही संपूर्ण दिवस वायरिंग तपासण्यात घालवला, आणि दोष निघाला माझ्या नीटनेटकेपणात: मधल्या रंगामुळे बोल्टाचा धातूशी विजेचा संपर्कच नीट होत नव्हता.

आता शेवटची कामे चालू आहेत. इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यातली वायरींची भोके, आगीची झळ किंवा तेल आत येऊ नये म्हणून, बुजवली आहेत. हेल्मेट जिथे आपटू शकेल तिथे रोल बारला, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पाइपाच्या कमानीला, पॅडिंग लावले आहे. वीज तोडण्याच्या मुख्य स्विचपाशी पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज, तर अग्निशामकाच्या खिट्टीपाशी पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई' हे अक्षर, अशा खुणा ठरलेल्या आहेत, म्हणजे चालक बेशुद्ध असला तरी बाहेरच्या माणसाला कुठे ओढायचे ते कळते. त्यांचे स्टिकर मिळतात. डॅशवरच्या स्विचांची नावे मात्र मी तुम्ही दिलेल्या खारीच्या केसांच्या ब्रशने, हाताने लिहिली. लांबीचा डबा नेणारे गृहस्थ ती बराच वेळ बघत उभे होते. ब्रशचे केस आता झडू लागले आहेत. जानेवारीत कोणी इकडे येणार असेल तर दोन नंबरचा एक पाठवावा.

आणखी एक विचारायचे होते. ते दोन ओघळ वरून कोरडे लागतात, पण नख दाबले की आत मऊ आहेत. या थंडीत इनॅमल किती दिवसांनी घासायला घ्यावा, आणि ४०० नंबर चालेल की ६०० घेऊ? फोनवर सांगितलेत तरी चालेल.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी