तुझ्या घड्याळाचं साल

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. विकणाऱ्याने "1930 चं आहे" म्हटलं आणि तू मान डोलावलीस! अरे, कशावरून, एवढं तरी विचारायचंस. असो. झाकण उघडून आतले फोटो काढलेस ते उत्तम केलंस, कारण बोलायचं ते त्यांच्यावरूनच.

तबकडीवरचं नाव सध्या बाजूला ठेव. त्या काळात बरेचसे लहान ब्रँड स्वतः यंत्र बनवतच नसत. ए. शिल्ड, फोंतेनमेलों, फेल्सा, युनिटास अशा स्विस कारखान्यांकडून कच्चं यंत्र, म्हणजे एबोश, घ्यायचं, त्यावर आपलं नाव उमटवायचं आणि केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बसवायचं. म्हणून वीस वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत एकच यंत्र सापडतं. ओळखायचा असतो तो कारखाना आणि त्याचा कॅलिबर, म्हणजे यंत्राच्या नमुन्याचा, क्रमांक.

तुझ्या तिसऱ्या फोटोत बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, कडेखाली ढालीचा आकार आणि त्यात 'एएस' दिसतं. म्हणजे ए. शिल्ड. क्रमांक त्याच्या शेजारीच असणार, पण चाकाने तो झाकलाय. चाक काढायला जाऊ नकोस, त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग, हेअरस्प्रिंग, एकदा वाकली की संपलं. उजेड बाजूने टाकून तिरका फोटो काढ, बहुतेक वेळा आकडे वाचता येतात.

नाहीच आले, तर माप घ्यावं लागेल. यंत्राचा व्यास लीनमध्ये सांगतात. एक लीन म्हणजे साधारण 2.256 मिमी, तेव्हा साडेअकरा लीनचं यंत्र जवळपास 26 मिमी भरतं. मोजायचा तो केसमध्ये बसणारा मुख्य प्लेटचा भाग, बाहेर आलेली कड नव्हे. पण खरी ओळख तबकडीखाली असते. वरचे ब्रिज, म्हणजे चाकं धरणाऱ्या पट्ट्या, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे वेगळ्या आकाराचे, वेगळ्या नक्षीचे करून देत. काटे फिरवण्याच्या यंत्रणेतली सेटिंग लिव्हरवरची स्प्रिंग मात्र सहसा तशीच राही. जुने कारागीर तिचा आकार पाहूनच कॅलिबर सांगतात ते यामुळे.

आता सालाकडे. बॅलन्सच्या मधल्या खड्यावर लायर या तंतुवाद्याच्या आकाराची बारीक स्प्रिंग आहे ना, ते इन्काब्लॉक, धक्क्यापासून बचाव करणारं. ते निघालं 1934 मध्ये. तुझा 1930 चा दावा इथेच निकालात निघाला. ब्रिजवर 'अनॅडजस्टेड' (म्हणजे बारकाईने वेळ जुळवून न दिलेलं) आणि ज्वेल्सची, म्हणजे खड्यांची, संख्या कोरली आहे, त्यावरून यंत्र अमेरिकेसाठी निघालं असावं असं वाटतं. तिथल्या 1930 च्या जकात कायद्यात ज्वेल्स आणि अॅडजस्टमेंट वाढल्या की जकात वाढे, त्यामुळे या गोष्टी यंत्रावर लिहाव्या लागत. बॅलन्स कॉकवरची, म्हणजे बॅलन्स व्हील धरणाऱ्या पट्टीवरची, तीन अक्षरं आयात करणाऱ्याची खूण असतात. त्यांना बनवणाऱ्याचं नाव समजून लोक उगाच भलतीकडे शोधत बसतात.

या सगळ्या खुणा "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतात. "याच्या नंतरचं नाही" हे सांगणारी खूण क्वचित मिळते, आणि तुझ्याकडे ती आहे! झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने ओरखडलेल्या खुणा आहेत. त्यातली एक मला '6-58' अशी वाचता येते. तो नुसता कामाचा नंबर नसून तारीख असेल, तर निदान झाकण जून 1958 च्या आधीचं ठरतं.

आणि तबकडीवर, सहाच्या खाली, 'टी स्विस टी'. टी म्हणजे ट्रिशियम, अंधारात चमकणाऱ्या रंगासाठीचं. रेडियमची जागा त्याने घेतली 1960 च्या दशकात. म्हणजे झाकण आणि तबकडी यांचं जमत नाही. एक तर तबकडी मागाहून बदलली, नाही तर केस दुसऱ्या घड्याळाची आहे. माझा कौल तबकडीकडे, कारण चावीचा दांडा केसच्या भोकात अगदी मधोमध आलाय आणि यंत्र धरणारे स्क्रूही आपल्या जागी बसलेत. तबकडी उतरवल्यावर तिचे पाय प्लेटच्या भोकांत नीट बसतात की ती चिकटवली आहे, ते पाहायला सांग.

सिरियल नंबरच्या तक्त्यांबद्दल विचारलं होतंस. ओमेगासारख्या घराण्याला ते चालतात, तेही अंदाजाने, कारण यंत्र तयार होणं आणि केसमध्ये जाणं यात बराच काळ जाऊ शकतो. बुलोवाचं सोपं: 1950 पासून यंत्रावर एक अक्षर आणि एक आकडा, 'एल 5' म्हणजे 1955. सेकोच्या झाकणावरच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. दशक मात्र कॅलिबरवरूनच ठरवावं लागतं. तुझ्या घड्याळाला यातलं काही लागू नाही.

तेव्हा आज विचारशील तर मी 1934 ते 1958 एवढंच लिहून देईन, तेही '6-58' ही तारीख आणि केस मूळची आहे असं धरून. कॅलिबरचा क्रमांक कळला की दोन्ही टोकं आत सरकतील. तिरका फोटो पाठव, आणि तेलपाणी होईपर्यंत चावी देऊन चालवत बसू नकोस. तेल सुकलेलं असेल तर पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं, झिजतात.

तुझा,
विनायक