अठरा होल आणि एक बाटली

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला गोल्फवरचा लेख खुमासदार होता. मात्र स्कॉटलंडमधल्या कुणा म्हाताऱ्याच्या बाटलीत अठरा पेग मावत, म्हणून मैदान अठरा होलचे (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खड्ड्यापर्यंतचा टप्पा), ही दंतकथा त्यात खरी म्हणून छापली आहे. मैफलीत ठीक, छापून आली की पोरं ती शाळेच्या प्रकल्पात उतरवतात.

खरा हिशेब स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या मैदानाचा. तिथे समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात होल ओळीने होते. जाताना खेळलेलेच परतताना खेळायचे, अशी फेरी २२ होलांची. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले. जाताना दोन वाचले, येताना दोन, उरले १८. इतरांनी हा आकडा लगेच उचलला असेही नाही. १८६० ची पहिली ओपन (ब्रिटनमधली प्रसिद्ध गोल्फ स्पर्धा) स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला १२ होलांच्या मैदानावर झाली. आठ खेळाडू, एकाच दिवसात तीन फेऱ्या आणि १७४ फटक्यांत विली पार्क विजेता. तिथली बाटली काय बारा पेगांची होती?

गोल्फ म्हणजे 'राजेरजवाड्यांचा खेळ' हेही अर्धेच खरे. गोल्फचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सापडतो तोच बंदीहुकमात! इंग्लंडशी वैर, आणि लोक तिरंदाजीचा सराव टाकून चेंडू बडवताहेत, म्हणून १४५७ मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ दोन्ही बंद केले. १४७१ आणि १४९१ मध्ये तोच हुकूम पुन्हा काढावा लागला. म्हणजे कुणी जुमानला नव्हता. गंमत अशी, की १४९१ ला गादीवर असलेल्या चौथ्या जेम्सनेच १५०२ मध्ये स्कॉटलंडमधल्याच पर्थच्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. कारागीर होता धनुष्ये बनवणारा!

एडिनबराजवळच्या लीथच्या गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी १७४४ मध्ये लिहिलेल्या १३ नियमांतला एक माझा आवडता: चेंडू माणसाने, घोड्याने वा कुत्र्याने अडवला, तर थांबला तिथूनच पुढे खेळायचा. यावरूनच कळते, की मैदान सगळ्या गावाच्या वहिवाटीचे होते. तिथे होल पाचच.

बाटलीपुरती तरी दुरुस्ती छापावी, ही विनंती. आमच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट चालते, त्यामुळे होल मोजून खात्री करण्याची इथे सोय नाही.

— एक वाचक, नाशिक