फादर, तुमच्या लॅटिनमुळे थॉमासियस भेटले

आदरणीय फादर,

सादर प्रणाम.

हे पत्र मी चारचौघांत लिहिते आहे, आणि ते तुम्हाला फारसं रुचणार नाही हे ठाऊक आहे. "लेख लिहा, पण मला त्यात ओढू नका," असं तुम्ही फोनवर बजावलं होतं. म्हणून तुमचं नाव, गाव, चर्च, काहीच इथे सांगत नाही. गोव्यातल्या सासष्टीतले एक निवृत्त फादर, एवढंच. पण ज्या माणसाचं लेखन तुम्ही मला उलगडून दिलंत, त्याने दुसऱ्याकडून घेऊन त्याचं नाव न सांगणं हा खोटेपणाचाच एक प्रकार मानला होता. त्याच्यावर लिहायचं आणि तुमच्याबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

पहिल्या फोनला माझी मागणी लहानच होती. एका जर्मन प्राध्यापकाच्या लॅटिन प्रबंधाची थोडी पानं कोणीतरी समजावून द्यावीत. आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचे प्रकल्प आले की ते नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही; त्यापुढे शिक्षेच्या ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या. साहजिकच मुलं येऊन विचारतात, "मॅडम, किती टक्के चालतं?" टक्क्यांपलीकडचं काही उत्तर त्यांना देता यावं म्हणून मी जुनं वाचत होते, आणि १६७३ सालच्या लाइपझिगमधल्या एका प्रबंधापाशी येऊन थांबले: 'दे प्लागिओ लितेरारिओ', साहित्यचोरीविषयी. त्यावर नाव होतं याकोब थॉमासियस. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना हे नाव एका ओळीपुरतं माहीत असतं: थोर जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझचे गुरू. पाठ्यपुस्तक तिथून लगेच लायब्निझकडे वळतं. मीही वर्गात तसंच वळत आले होते.

"हा कुठल्या पंथाचा?" तुम्ही विचारलंत. लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, मी म्हटलं. "बरें. लॅटिन सगळ्यांचंच. पाठवा."

जर्मनीतल्या ग्रंथालयांनी सतराव्या शतकातली ही पुस्तकं स्कॅन करून खुली ठेवली आहेत. पानं सहज मिळाली, वाचता येईनात. शब्दाच्या मधला 'एस' अगदी 'एफ'सारखा छापलेला, 'एम' नाहीतर 'एन' गाळून आधीच्या स्वरावर नुसती आडवी रेघ, शब्दांची शेपटं तोडलेली. मी पानं मोठी करून छापली आणि तुम्हाला टपालाने पाठवली, कारण पडद्यावर तुमचे डोळे दुखत. तुम्ही आधी पूर्ण परिच्छेद मोठ्याने वाचायचात, अर्थ न सांगता. मग म्हणायचात, "आता क्रियापद कुठे आहे ते सांगा." मी शोधेपर्यंत थांबायचात. घाई कधीच केली नाहीत. सेमिनरीत फादर होऊ घातलेल्या मुलांना शिकवत असाल तसंच, या वयात, एका अनोळखी बाईला तुम्ही शिकवलंत. मानधनाचा विषय काढला तर सरळ दुसऱ्या विषयावर गेलात.

तुम्हाला थॉमासियसचं आयुष्य आता पाठ असेल, पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते.

२७ ऑगस्ट १६२२ रोजी लाइपझिगमध्ये त्यांचा जन्म झाला. युरोपातलं 'तीस वर्षांचं युद्ध' तेव्हा पेटलेलं होतं. ते नऊ वर्षांचे असताना शहराजवळच ब्राइटेनफेल्डची लढाई झाली, पुढच्या वर्षी ल्युट्सेनची. १६४२ साली स्वीडिश फौजेने लाइपझिग घेतलं आणि १६५० पर्यंत ते सोडलं नाही. म्हणजे १६४३ साली थॉमासियसना मॅजिस्टरची, म्हणजे आजच्या एम.ए.सारखी, पदवी मिळाली ती परक्या सैन्याच्या ताब्यातल्या शहरात. पुढे १६५३ मध्ये ते नीतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, १६५६ मध्ये तर्कशास्त्राचे आणि १६५९ मध्ये वक्तृत्वाचे. हे शेवटचं पद आज ऐकायला भाषणकलेच्या वर्गासारखं वाटतं. त्या काळी विद्यापीठाचा सगळा कारभार लॅटिनमध्ये चाले, त्यामुळे वक्तृत्वाचा प्राध्यापक म्हणजे रोमन वक्ता सिसेरोपासून चालत आलेली लेखनाची आणि युक्तिवादाची शिस्त पुढच्या पिढीच्या हाती देणारा माणूस. त्यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात तर्कशास्त्राची, अलंकारशास्त्राची, तत्त्वमीमांसेची पाठ्यपुस्तकंही लिहिली.

हे सगळं करताना ते शाळेतही शिकवत होते. सेंट निकोलस शाळेत आधी शिक्षक, १६७० पासून मुख्याध्यापक. १६७६ पासून सेंट थॉमस शाळेचे मुख्याध्यापक. ९ सप्टेंबर १६८४ रोजी मृत्यू आला तेव्हाही ते त्याच पदावर होते. याच शाळेत १७२३ साली योहान सेबास्टियन बाख संगीताचे प्रमुख म्हणून आले. शहर बाखला विसरलं नाही, मुख्याध्यापकांना मात्र जग विसरलं. विद्यापीठात प्राध्यापकी करणारा माणूस शाळेतल्या पोरांनाही व्याकरण शिकवतो, यात त्यांना काही कमीपणा वाटला असावा असं मला त्यांच्या लेखनात कुठे दिसलं नाही. मला ते या गोष्टीसाठीच आधी आवडले.

विद्यापीठातल्या वादसभेची पद्धत तुम्हीच मला समजावलीत, आणि ती कळल्याशिवाय थॉमासियस कळत नाहीत. प्रबंध छापला जाई, त्यावर दोन नावं असत. एक अध्यक्षाचं, म्हणजे प्राध्यापकाचं. दुसरं प्रतिवादीचं, म्हणजे जो विद्यार्थी सभेत उभा राहून त्या प्रबंधाचं रक्षण करी त्याचं. मजकूर नेमका कोणाचा, हे अनेकदा सांगता येत नाही. प्राध्यापक लिहून देई, विद्यार्थी लिही, दोघं मिळून लिहीत. थॉमासियसच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अशा सभांचे विषय बघून मी थक्क झाले होते: हिवाळ्यात पाकोळ्या कुठे जातात, चिचुंद्रीला दिसतं का, मॅन्ड्रेक नावाच्या वनस्पतीच्या मुळीबद्दलच्या समजुतीत तथ्य किती. १६७१ साली स्त्रियांच्या विद्वत्तेवरही एक सभा झाली, जिथे एकाही स्त्रीला प्रवेश नव्हता अशा विद्यापीठात. तो प्रबंध उघडताना तुम्ही म्हणालात, "हा तुम्ही वाचा, मी ऐकतो." अडखळत का होईना, मी वाचला. तो दिवस मी विसरणार नाही.

आणि १६६३ ची ती सभा. सोळा वर्षांचा गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ 'एखादी वस्तू तीच एक वस्तू कशामुळे ठरते' या विषयावर बोलायला उभा राहिला, अध्यक्षस्थानी थॉमासियस. लायब्निझचे वडील फ्रीडरिख याच विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत. १६५२ साली ते गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी नीतिशास्त्राची प्राध्यापकी थॉमासियसकडे आली. मुलगा सेंट निकोलस शाळेतच शिकला. या नात्याबद्दल थॉमासियसनी काय वाटून घेतलं हे मी बोलणार नाही, पण छापील प्रबंधाला त्यांनी स्वतः प्रस्तावना लिहिली. तुमच्याबरोबर ती वाचताना एक गोष्ट लख्ख दिसली. विद्यार्थ्याचं कौतुक करून ते थांबत नाहीत. हा वाद मुळात कुठून उगवला, ते सांगतात. प्रश्न सोडवण्याआधी त्याचा इतिहास बघा, असा त्यांचा स्वभावच होता.

त्यातूनच १६६५ सालचं 'स्केडियास्मा हिस्टोरिकुम' हे तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरचं पुस्तक आलं. आकाराने लहान आणि वाचायला अवघड. त्यातला चर्चच्या इतिहासाचा भाग तुमच्याशिवाय मला कधीच उमगला नसता. 'शून्यातून काही निर्माण होत नाही' हे ग्रीक तत्त्वज्ञांचं गृहीतक आणि 'ईश्वराने शून्यातून सृष्टी केली' हा ख्रिस्ती सिद्धांत, यांच्यातलं अंतर बुजवू नका, असं ते बजावतात. प्लेटो मनातून ख्रिस्तीच होता, अरिस्टॉटल थोडासा आपलाच होता, अशी ओढाताण त्यांना मान्य नव्हती. समोरचा काय म्हणत होता ते त्याच्या शब्दांत समजून घ्या, मग हवं तर खोडून काढा. आपल्याकडे जुन्या ग्रंथांत आजचे शोध दाखवून देण्याची जी हौस आहे, तिच्याकडे पाहताना मला आता हे पुस्तक आठवतं.

लायब्निझने या पुस्तकाचं मोल नेमकं ओळखलं. १६६६ साली लाइपझिगमध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली नाही, ती पुढच्या वर्षी आल्टडॉर्फच्या विद्यापीठात मिळाली. तो शहर सोडून गेला तो गेलाच. पण थॉमासियसशी पत्रव्यवहार चालू राहिला. एप्रिल १६६९ च्या लांबलचक पत्रात तो लिहितो, की इतरांनी तत्त्वज्ञांचा इतिहास लिहिला, तुम्ही तत्त्वज्ञानाचा लिहिलात. याच पत्रात तो आपण फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे अनुयायी नसल्याचं सांगतो, अरिस्टॉटलच्या भौतिकीतल्या जास्त गोष्टी आपल्याला पटतात असं म्हणतो आणि नव्या यांत्रिक विज्ञानाशी अरिस्टॉटलचा मेळ घालू पाहतो. गुरू जुन्या वळणाचे, शिष्य नव्याच्या मागे. तरी शिष्याला आपलं म्हणणं आधी गुरूला पटवून द्यावंसं वाटतं. पुढच्या वर्षी सोळाव्या शतकातल्या इटालियन विद्वान निझोलियसच्या जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढताना लायब्निझने हे पत्र तिला जोडलं. विशीतल्या मुलाने आपल्या शिक्षकाशी चाललेला विचार असा जगापुढे ठेवला.

एका बाबतीत आपलं जमलं नाही, ते इथेही नोंदवते. १६७० मध्ये डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा 'धर्म-राजकीय प्रबंध' लेखकाच्या नावाशिवाय बाहेर पडला, आणि मे महिन्यातच थॉमासियसनी त्याच्याविरुद्ध लिहिलं. त्या पुस्तकाला छापील उत्तर देणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते. लायब्निझने त्यांची पाठ थोपटली. तुम्हालाही थॉमासियस पटले. मला आजही स्पिनोझाच पटतो. माणसाला विचार करायची आणि तो बोलायची मोकळीक हवी, या त्याच्या म्हणण्यापुढे थॉमासियसचा युक्तिवाद मला तोकडा वाटतो. आपण त्यावर बराच वेळ बोललो. शेवटी तुम्ही म्हणालात, "लेखात तुमचं मत लिहा, पण त्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडा." तसंच केलं आहे.

आता साहित्यचोरीचा प्रबंध, जिथून हे सुरू झालं. त्याच्या मुखपृष्ठावरही दोन नावं आहेत, अध्यक्ष थॉमासियस आणि प्रतिवादी योहान मिखाएल राइनेल. लेखकत्वावरच्या पुस्तकात लेखकत्व असं दोघांत वाटलेलं. तेव्हा लेखकाचा हक्क सांभाळणारे आजच्यासारखे कायदे नव्हते, आणि थॉमासियसना तसा हक्क मागायचाही नव्हता. त्यांनी हा विषय नीतिशास्त्रात घेतला, सत्य आणि असत्याच्या प्रकरणात. दुसऱ्याची कल्पना वापरण्यात वावगं काही नाही, सगळी विद्या तशीच वाढते. ती माझी आहे असं भासवणं हे खोटं बोलणं. अशा ग्रंथचोरांची एक लांब यादीही त्यांनी दिली, नावानिशी. ती वाचताना तुम्ही काही नावांवर थांबत होतात आणि म्हणत होतात, "याच्यावर अन्याय झाला असेल का, तेही बघायला हवं." यादीकडे मी पुरावा म्हणून पाहत होते, तुम्ही तिच्यात माणसं पाहिलीत.

वर्गात हे सांगितल्यावर टक्क्यांचे प्रश्न थांबले असं नाही. पण या सत्रात एका मुलाने प्रकल्पाच्या शेवटी लिहिलं की दुसऱ्या प्रकरणातली मांडणी त्याला मोठ्या बहिणीशी बोलताना सुचली. कोणतंही सॉफ्टवेअर हे पकडू शकलं नसतं. मी त्याला त्याबद्दल उभं करून शाबासकी दिली.

थॉमासियसचा मुलगा क्रिस्टियान वडिलांहून प्रसिद्ध झाला. वडील गेल्यावर तीन वर्षांनी, १६८७ मध्ये, त्याने लाइपझिगमध्ये लॅटिन सोडून जर्मनमधून व्याख्यानं जाहीर केली; पुढे हाल विद्यापीठातून चेटकिणींच्या खटल्यांवर आणि छळ करून कबुली घेण्यावर कोरडे ओढले. वडिलांच्या कितीतरी गोष्टी त्याने मोडल्या. पण १६९९ मध्ये वडिलांचं 'स्केडियास्मा' पुन्हा छापलं तेही त्यानेच, आणि त्यांच्याच नावाने.

फादर, त्या पुस्तकातल्या आपण वाचलेल्या भागाचं मराठी भाषांतर आता पूर्ण झालं आहे. मोठ्या अक्षरांत छापून ते या आठवड्यात टपालाने पाठवते आहे. समासात भरपूर जागा ठेवली आहे. चुकलं असेल तिथे खुणा करा, सौम्यपणे नको. ज्या वाक्यांचा अर्थ तुम्ही लावून दिलात त्यांच्यापुढे मी चांदणी घातली आहे, आणि अशा चांदण्या खूप आहेत. तळटीपेत सध्या 'सासष्टीतले एक फादर' असं आहे. तिथे तुमचं नाव घालायची परवानगी मी पुन्हा एकदा मागते. या वेळी थॉमासियसच्या वतीने मागते, आणि त्यांना तुम्ही नाही म्हणणार नाही अशी आशा आहे. काहीही ठरवलंत तरी पहिली प्रत तुमचीच.

मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी