ढाळजेचे खांब विकू नका

ती. आई-अण्णांना सा. न.

अण्णा, फोनवर तुम्ही विषय काढलात आणि "बघू" म्हणून लगेच बंदही केलात, म्हणून लिहून पाठवतेय. वाड्याच्या दाराशीच्या ओसरीचा, आपल्या ढाळजेचा, दरवाजा आणि खांब बघायला जो माणूस आला होता, त्याला एवढ्यात होकार देऊ नका. जुन्या सागवानाला भाव आहे, कबूल. पण खांब-तुळया काढल्या की वाड्यात उरतं काय? दगड आणि माती. त्यांनीच ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माणसं मारली.

मी तेव्हा आठवीत होते. गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेलो. पहाटे चारच्या आत-बाहेर आईची उतरंड कोसळली, तो आवाज अजून कानात आहे. आपलं भेगांवर भागलं. किल्लारी-सास्तूरकडे गावंच्या गावं बसली. तुम्ही मदतीला जाऊन आलात आणि दोन दिवस जेवला नाहीत.

दिवाळीत मी माळवदावर, त्या मातीच्या सपाट छपरावर, चढले ती उगाच नाही. उजेडाच्या साण्याशेजारी खुरप्यानं उकरलं, तर कोपरापर्यंत हात गेला तरी खालचा लाकडी कडीपाट लागेना. पावणेदोन फूट माती! गळलं की आजोबा उन्हाळ्यात पांढरी माती टाकायचे, पुढं तुम्हीही टाकलीत, काढली मात्र कुणीच नाही. दहा बाय बाराच्या माजघरावर हिशेबानं नऊ-दहा टन होते. म्हणजे आईच्या डोक्यावर उसाची भरलेली ट्रॉली.

आणि धान्याच्या बळदाच्या खोलीची मागची भिंत. तिनं पोट काढलंय. ओळंबा सोडला तर मध्येच दोरी भिंतीवर रेलते आणि खाली चार बोटं फट राहते. तीन फुटी भिंत म्हणून आपण छाती फुगवतो, पण बाहेरच्या दगडांची पाळी वेगळी, आतल्या दगडांची वेगळी, मध्ये गोटे नि चिखल. दोघींना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. पाणी मुरलं की त्या एकमेकींना सोडतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आधी वरची माती उतरवायची, वीतभर ठेवायची, तिच्याखाली जाड प्लास्टिक अंथरायचं. पोट निघालेला भाग उतरवून आरपार दगड घालून पुन्हा रचायचा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरके टेकू. भिंती पडूनही खांबांवर तोललेली माळवदं भूकंपानंतर तुम्हीच बघितलीत ना? मग नेमके खांबच कसे विकायला निघालात?

माळवदाऐवजी स्लॅब टाकायचं म्हणाल तर चुलत्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत तुमची नातवंडं कॉलेजात जातील. शिवाय एप्रिलमधल्या दुपारी स्लॅबखाली कोण झोपणार आहे?

माती उतरवताना एका कडेनं ओरबाडायची नाही, सगळीकडून सारखी काढायची, नाहीतर तोल जातो. त्यामुळे मी येईपर्यंत गडी लावू नका. उन्हाळी सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी निघतेय.

आई, तोवर तू ढाळजेत झोप, तिथं भूकंपानंतर पत्रे घातलेत. अण्णा घोरतात म्हणून तू माजघरात जातेस, हे मला माहितीय. कापसाचे बोळे पाठवतेय.

तुमची,
ताई