शिष्यवृत्तीचा निकाल कसा वाचायचा: मित्रास पत्र

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. शिष्यवृत्तीचा निकाल 50 टक्क्यांवरून 33 वर आला आणि आता वरून खुलासा मागितलाय म्हणतोस. खुलासा काय, चार ओळींत होईल. पाचवीचा पट 12. गेल्या वर्षी 6 पात्र, यंदा 4. म्हणजे फरक दोन मुलांचा, आणि तीही वेगळ्या तुकडीतली. एवढ्याशा पटात एका मुलामागे आठ टक्के हलतात. शिवाय शेजारच्या शाळेच्या शंभर टक्क्यांशी तुलना करणाऱ्यांना विचार, तिथे पटावर किती आणि फॉर्म किती जणांचे भरले होते. हुशार पाच निवडून बसवले की निकाल चकाकतोच. तू सगळी बसवलीस, ते योग्यच केलंस.

पण खुलासा वेगळा आणि शाळेत खरं काय चाललंय ते वेगळं. त्यासाठी बेरजेचा आकडा बाजूला ठेव आणि मुलांनी कोणता चुकीचा पर्याय निवडला ते बघ.

उत्तरपत्रिकेची दुसरी प्रत मुलांकडे असते, ती सगळ्यांकडून मागवून घे. परीक्षा परिषदेची अंतिम उत्तरसूची उतरवून घे, अंतरिम नको, कारण आक्षेपांनंतर तिच्यात बदल होतात. प्रत्येकाचा प्रश्नपत्रिका संच नीट बघ. ए संचाची सूची बी संचाला लावली की सगळंच मुसळ केरात. मग एका मोठ्या कागदावर आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. चौकटीत बरोबर-चूक अशी खूण करू नकोस. मुलाने निवडलेल्या पर्यायाचा आकडाच लिही, 1 ते 4. संच वेगवेगळे असतील तर आधी सगळे प्रश्न एका संचाच्या क्रमाने लावून घे. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 12 मुलं. दोन दुपारी जातील, पण वर्षभराची दिशा मिळेल.

आता रकाना उभा वाच. चुकीची उत्तरं तिन्ही पर्यायांत विखुरलेली असतील तर मुलांनी अंदाज मारलाय. तो भाग शिकवलाच गेला नाही किंवा प्रश्न वाचलाच नाही. पण चुका एकाच पर्यायावर गोळा झाल्या असतील तर मुलांनी विचार केलाय, तोही सगळ्यांनी एकाच चुकीच्या रीतीने. उदाहरणार्थ, 'दुपारी 2 वाजून 45 मिनिटांनी निघालेली बस 4 वाजून 20 मिनिटांनी पोहोचली, प्रवासाला किती वेळ लागला?' इथे '1 तास 75 मिनिटे' निवडणारा मुलगा ढ नाही. त्याने 420 मधून 245 वजा केले आणि तासाला शंभर मिनिटं धरून हातचा घेतला. त्याला वजाबाकीची आणखी पन्नास उदाहरणं घातलीस तर काही फरक पडणार नाही. घड्याळ हातात दे, पावणेतीनपासून तीन, तीनपासून चार, चारपासून वीस मिनिटं असं मोजू दे. तसंच 'रांगेत डावीकडून 7वा आणि उजवीकडून 9वा, तर एकूण मुले किती?' याला 16 उत्तर देणारे एकच मूल दोनदा मोजतात. मुलांना रांगेत उभं कर, पाच मिनिटांत सुटेल.

बुद्धिमत्ता चाचणीत क्लृप्त्यांचा सुळसुळाट असतो. आरशातल्या घड्याळासाठी '11:60 मधून वेळ वजा करा' हे सगळीकडे घोकून घेतात. 3:40 ला 8:20 मिळतं, छान. मग पेपरात 12:20 येतं आणि वजाबाकीच होत नाही. उत्तर 11:40 आहे. खरा आरसा धरून घड्याळ पाहिलेल्या मुलाला ते सहज दिसतं.

आता ओळ आडवी वाच, म्हणजे एकेक मूल. पेपर 150 गुणांचा, पात्रतेला प्रत्येक पेपरात 40 टक्के, म्हणजे 60 गुण, 30 प्रश्न बरोबर. डोळे मिटून गोल रंगवले तरी चारांत एक या हिशेबाने 19 च्या आसपास प्रश्न बरोबर येतात, म्हणजे 38 गुण. त्यामुळे ज्याला 36 आहेत त्याला 'थोडं कमी पडलं' असं समजू नकोस. त्याला बहुधा प्रश्नच वाचता आले नाहीत. त्याच्यासाठी सराव संच म्हणजे छळ. त्याला आधी उतारा वाचायला शिकव. 50 ते 58 वाले मात्र थोड्या मेहनतीत पुढे येतात.

एखाद्याचे पहिले 22 प्रश्न चांगले आणि पुढे अचानक सगळी पडझड दिसली, तर उत्तरसूची एक ओळ वर सरकवून तपास. बहुतेकदा पुढची उत्तरं जुळतात. पोराने 23वा प्रश्न सोडला आणि 24व्याचं उत्तर 23 समोर रंगवलं. ही चूक गणिताची नाही, पण गुण गणिताचेच जातात. पेनाने रंगवलेला गोल बदलता येत नाही, दोन रंगवले तर गुण शून्य. म्हणून सरावाला वहीवर उत्तरं लिहून घेऊ नकोस, गोल असलेला कागदच दे, आणि दर पाच प्रश्नांनी बोट ठेवून क्रमांक जुळवायची सवय लाव. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे रिकामा गोल ठेवायचा नाही, हेही अजून कित्येक मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

भाषेत एकच बघ: 'कोणते विधान चुकीचे आहे', 'कोणता शब्द गटात बसत नाही' असे नकारार्थी प्रश्न. मुलं पहिलं बरोबर विधान दिसलं की तिथेच थांबतात. पर्याय 1 वर चुका गोळा झाल्या असतील तर हेच कारण. नकाराचा शब्द अधोरेखित करून मगच पर्याय वाचायचे.

वेळेचं सांगायचं तर 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. पहिल्या पेपरात भाषेचे 25 प्रश्न 25 मिनिटांत, गणिताचे 50 प्रश्न 55 मिनिटांत, उरलेली 10 सोडलेल्यांना. शेवटच्या दहा प्रश्नांत रिकाम्या चौकटी जास्त दिसल्या तर वेळ भाषेच्या उताऱ्यात गेलाय असं समज.

आणि हे सगळं पाचवीच्या वर्गशिक्षिकेच्या माथी मारू नकोस. वेळ आणि अपूर्णांकातले घोळ खालच्या वर्गांतून येतात. परीक्षा पुन्हा चौथीला न्यायचा निर्णय 2025 मध्ये झालाच आहे, 2016-17 च्या आधी ती तिथेच होती. तेव्हा तक्ता तयार झाला की तिसरी-चौथीच्या गुरुजींनाही समोर बसव. जादा तासांचं वेळापत्रक त्यानंतर ठरव, आधी नको.

तक्ता झाला की फोटो पाठव, मुलांची नावं झाकून. गणिताचा भाग आधी पाठवलास तर बरं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश